आजोबांचे कान

म्हातारपण आले की माणूस विसरायचाच, असे आपण सहज बोलून जातो. मला हे पुरते पटत नाही, आणि त्याचे कारण आमचे आजोबा.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. आजोबांनी चाळीस वर्षे गुंड, गंज, पराती यांवर हातोडी चालवली. दिवसभर ठक्‌ठक्! कानाच्या आत केसांसारख्या अगदी नाजूक पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा कधीच उगवत नाहीत. कानात यंत्र घालून मोठ्याने गाणी ऐकणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडू शकते.

पासष्टी ओलांडल्यावर आजोबांना कमी ऐकू येऊ लागले. शेजारचे चाचा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येत. ते विचारीत एक, आजोबा उत्तर देत भलतेच. मुले हसत. हळूहळू आजोबांनी ओट्यावर बसणेच सोडले. ते आतल्या खोलीत एकटे बसून राहत. मग ते नावे विसरू लागले, वार विसरू लागले. "वय झाले आता," असे घरात सगळे म्हणत. एकट्या आईला ते मान्य नव्हते. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी आधी कान तपासले, मग रक्तदाब. ते म्हणाले, "मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. तुटके शब्द जुळवण्यातच त्याची शक्ती गेली, तर लक्षात कोण ठेवणार? आणि माणसांत बसणे थांबले की त्याला कामही उरत नाही."

2024 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांचा एक अहवाल आला. विस्मृतीच्या आजाराचा धोका वाढवणारी 14 कारणे त्यात दिली आहेत. कमी ऐकू येणे, वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा ही त्यांतलीच. लहानपणी शिक्षण कमी मिळणे हेही एक कारण आहे. ही सारी कारणे दूर झाली, तर जवळजवळ निम्मे रुग्ण या आजारापासून वाचतील किंवा त्यांना तो उशिरा होईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

आजोबांच्या कानाला यंत्र बसले. पहिले पंधरा दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतले. म्हणे, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज सहन होत नाही! जन्मभर भांडी ठोकणाऱ्या माणसाची ही तक्रार! लोणचे-पापड कमी झाले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. खर्रा सोडताना मात्र ते महिनाभर सर्वांवर चिडत होते.

यंत्राने विसरणे पार गेले असे नाही. चष्मा ते अजूनही शोधतात. पण चाचांबरोबर खांब तलावाकडे रोज फेरी होते, आणि वाटेत दोघांचे कडाक्याचे वाद होतात.

हल्ली आजोबा चाचांकडून उर्दू अक्षरे शिकत आहेत. मेंदूला उर्दूत 'दिमाग' म्हणतात हे कळल्यावर ते खूप हसले. कारण मराठीत 'दिमाख' म्हणजे तोरा. सध्या त्यांची गाडी 'जीम'वर अडली आहे. जीम, चे, हे, खे ही सगळी अक्षरे सारखीच, फरक काय तो टिंबांचा, असे त्यांचे म्हणणे. चाचा पाटी पुसतात आणि पुन्हा लिहायला लावतात.