उच्चारातील अक्षर आणि आघात

मी राहतो त्या गावाचे नाव लिहिताना प, न, वे, ल अशी चार अक्षरे लागतात. उच्चारात मात्र ‘पन्-वेल्’ अशी दोनच अक्षरे उरतात. ‘न’ आणि ‘ल’ यांतील ‘अ’ लिपीत गृहीत असतो. जिभेवर तो येत नाही. मराठी जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, हे शाळेतील विधान इथेच अपुरे पडते.

क्रियापदांत हे अधिक स्पष्ट दिसते. ‘उतरतो’ म्हणताना आपण ‘उ-तर्-तो’ असे विभाग करतो. ‘उतरेल’ म्हणताना ‘उत्-रेल्’ असे. धातू तोच, परंतु प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो की स्वराने, यानुसार अक्षरांची सीमा सरकते. ‘समजतो’ आणि ‘समजेल’ ही रूपेही अशीच. हा नियम आपण पाठ न करताच पाळतो.

अक्षरविभागणीचे महत्त्व पटवून देण्यासाठी मी वर्गात स्पॅनिशचे उदाहरण घेतो. ‘तेर्-मि-नो’ या तीन अक्षरांपैकी पहिल्यावर आघात दिला, तर अर्थ होतो ‘शेवट’. दुसऱ्यावर दिला, तर ‘मी संपवतो’. तिसऱ्यावर दिला, तर ‘त्याने संपवले’. शब्दाच्या अंती स्वर, न् किंवा स् असेल, तर आघात उपान्त्य अक्षरावर येतो. एरवी तो अन्त्य अक्षरावर. या नियमाला अपवाद असेल तिथे स्वरावर चिन्ह देतात. स्पॅनिशमध्ये कर्त्याचे सर्वनाम बहुधा गाळले जाते. त्यामुळे आघात चुकला की कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात. मराठीत आघाताने असा अर्थभेद होत नाही, म्हणून आपला कान तो टिपायला सरावलेला नसतो.

दक्षिणेकडून पनवेलला आलेला एखादा शेजारी ‘उ-त-रे-ल’ असे सुटे सुटे बोलला, तर त्याला हसणे योग्य नव्हे. लिपीने लपवलेला नियम त्याला कोणीतरी सांगायला हवा, आणि तो सांगता येणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

आपण बहुतेकजण कामधंदा सांभाळून, एकट्याने, मूकवाचन करून अभ्यास करता. या घटकापुरते तरी मोठ्याने वाचा. ‘विसरतो’ आणि ‘विसरेल’ ही रूपे उच्चारून त्यांचे विभाग वहीत लिहा. डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवा.