ब्रेकपुराण

गेले दोन महिने अस्मादिक एका गहन प्रश्नात अडकले होते. प्रश्न नोकरीचा नव्हता, घराच्या हप्त्याचाही नव्हता. नव्या रोडबाइकला ब्रेक कुठले घ्यावेत, रिम की डिस्क, एवढाच होता. बायकोने पहिल्या आठवड्यात कौतुकाने ऐकलं, दुसऱ्या आठवड्यात नुसती मान डोलावली आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "अरे, जो लागतो तो घे ना!" असो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिम ब्रेक म्हणजे आपण लहानपणापासून बघत आलो तो. रबराचे दोन गुटके चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्यभागी स्टीलची पातळ तबकडी असते, रोडबाइकवर बहुधा 140 किंवा 160 मिलिमीटरची, आणि चिमटा तिला बसतो. तो चिमटा आवळायला कुठे केबल असते, कुठे तेल. तेलवाला तो हायड्रॉलिक.

मोटरसायकलवाल्यांना यात नवल नाही. रोडबाइकच्या जगात मात्र यावरून चांगलीच भांडणं झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंटोसो या स्पॅनिश सायकलपटूच्या पायाला मोठी जखम झाली. ती डिस्कने झाली असं त्याने जाहीरपणे सांगितलं आणि शर्यतींमध्ये चालू असलेली डिस्कची चाचणी थांबवावी लागली. पुढे 2018 च्या जुलैपासून डिस्कला रीतसर परवानगी मिळाली. तरीही 2019 ची टूर द फ्रान्स एगन बर्नालने आणि 2020 ची तादेय पोगाचारने जिंकली ती रिम ब्रेकवर. म्हणजे रिम ब्रेक हा काही टाकाऊ प्रकार नाही. आल्प्समधून उतरणाऱ्यांना जो पुरतो तो मला का पुरू नये?

हा प्रश्न मी खूप दिवस चघळला. शेवटी इंजिनिअर माणूस, म्हटलं आकडे मांडून बघू.

मी आणि सायकल मिळून साधारण नव्वद किलो. सिंहगडाच्या पायथ्यापासून वरच्या गाडीतळापर्यंत सहाशे मीटरच्या आसपास चढ. उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. गुणाकार केला तर पाच लाख ज्यूलच्या वर जातो. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळेल, म्हणजे घरच्या सगळ्यांचा चहा होऊन वर शेजाऱ्यांनाही देता येईल. यातला बराच भाग वारा खातो, पण वळणावळणाच्या घाटात ब्रेकच्या वाट्यालाही भरपूर येतो. ॲल्युमिनियमच्या रिमला हे झेपतं, कारण अख्खं रिमच उष्णता पसरवायला मोकळं असतं. कार्बनच्या रिमवर मात्र लांब उतारात सतत ब्रेक दाबून धरला तर रिम खराब होऊ शकतं. माझी चाकं ॲल्युमिनियमची, त्यामुळे हा मुद्दा निकालात निघाला.

दुसरा मुद्दा जोराचा. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबला तर मागचं चाक हवेत उचललं जातं, मग ब्रेक कुठलाही असो. म्हणजे कोरड्यात मर्यादा ब्रेकची नाहीच, आपण हँडलवरून उलटे पडू की नाही याची आहे. इथपर्यंत रिम आणि डिस्क बरोबरीत. उलट रिमवाली सायकल साधारण अर्धा किलो हलकी.

पण आपल्याकडे पावसाळा नावाची गोष्ट असते. आणि खरं सांगायचं तर सिंहगडाला जायची मजा पावसाळ्यातच आहे. धुकं, ओली माती, वर गरम कांदाभजी आणि मडक्यातलं दही. त्याच दिवसांत रस्त्यावर चिखल, शेवाळ, पालापाचोळा आणि अर्धं पुणेही असतं.

गेल्या जुलैतली गोष्ट. उतरताना एका वळणानंतर एक स्कूटर रस्त्याच्या मधोमध थांबलेली. आईबाबा दरीचा फोटो काढण्यात गुंग, आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा स्कूटरच्या मागे एकटा उभा. माझा वेग तीसच्या आसपास. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि काहीच झालं नाही! म्हणजे झालं, पण नंतर. ओल्या रिमवरचं पाणी गुटक्यांनी आधी पुसायचं आणि मग पकड यायची. त्यात चाकाचे एक-दोन फेरे जातात. एक फेरा दोन मीटरचा धरा. म्हणजे सायकल हळू व्हायला सुरुवात होण्याआधीच चार मीटर गेले. मी थांबलो, मुलापासून हातभर अंतरावर. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला. त्याच्या आईला तर काही कळलंही नाही.

तेव्हा ब्रेक सर्व्हिस केलेले होते, गुटके नवे होते, वेगही वाजवी होता. सगळं ठीक असूनही चार मीटर कमी पडत होते, आणि तेच मला छळत होतं. डिस्कही पावसात किंचाळते, कर्कश आवाज करते, पण ती जमिनीपासून वर असते, चिखल तिच्यापर्यंत कमी पोचतो आणि पकड जवळपास लगेच येते. टायरची पकड पावसात कमी होते ती होतेच, तिला डिस्क काही करू शकत नाही. फक्त तो मधला 'काहीच होत नाही'वाला क्षण बराचसा जातो.

मग निर्णय सोपा होता की! आता तुम्ही म्हणाल, दोन महिने का लागले?

कारण बाबा. बाबांनी उमेदीची वीसेक वर्षं शिवाजीनगरहून पिंपरीला कंपनीत सायकलने ये-जा केली. पुणं तेव्हा खरोखर सायकलींचं शहर होतं. त्यांच्या काळ्या सायकलला केबलसुद्धा नव्हती, सळ्यांचे ब्रेक. तिच्यातला एकही भाग असा नव्हता जो त्यांनी घरच्या पान्याने उघडला नव्हता. त्यांना हायड्रॉलिकचं चित्र दाखवलं तर म्हणाले, "यातलं तेल कोण बदलणार?"

"दुकानात करतात, बाबा."

"आणि तू वाईच्या पुढे असशील तेव्हा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला यंदा तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे, मुदत वीस तास, रात्रीचा मोठा भाग रस्त्यावर. तिथे बिघाड झाला तर रिम ब्रेक डोळ्यांना दिसतो. गुटका झिजला, केबल उसवली, सगळं समोर. हायड्रॉलिक म्हणजे बंद डबा. आतमध्ये हवा शिरली की लिव्हर स्पंजासारखा होतो आणि रस्त्याच्या कडेला बसून त्याचं काही करता येत नाही. जे आपल्याला उघडता येत नाही त्यावर जीव टाकायचा का, हा बाबांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

म्हणून थोडा खोलात गेलो. पहिला शोध असा की 'रिम ब्रेक कुठल्याही गावात दुरुस्त होतो' हे अर्धंच खरं आहे. साध्या सायकलच्या ब्रेक केबलचं टोक वेगळं, रोडबाइकच्या लिव्हरमध्ये बसणारं वेगळं. वाईच्या दुकानात ती असेलच असं नाही. म्हणजे सुटी केबल आपल्याच पिशवीत हवी. दुसरा शोध असा की डिस्कचे पॅड बदलायला एक पिन काढायची असते, बस. झिजेप्रमाणे हायड्रॉलिक स्वतःच जुळवून घेतो, सारखे स्क्रू फिरवत बसावं लागत नाही. आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं. ते भरायला एक छोटं नरसाळं, एक सिरिंज आणि अर्धा तास पुरतो. डबा बंद आहे, पण कुलूप नाही त्याला.

खरी किंमत दुसरीकडे आहे. याला आम्ही ऑफिसात मायग्रेशन कॉस्ट म्हणतो. जुन्या सायकलची चाकं नव्या फ्रेममध्ये बसत नाहीत. तिथे क्विक रिलीज आणि मागचं अंतर 130 मिलिमीटर, इथे आरपार जाणारा जाड आस आणि 142. सगळा जुना संसार बाद. शिवाय बाजाराने निर्णय आपल्यासाठी घेऊनच टाकलाय. शिमानो 105 ची बारा गिअरची पिढी 2022 पासून आली ती फक्त हायड्रॉलिक डिस्कसकट. चांगल्या प्रतीची नवी रिम ब्रेक सायकल शोधायला गेलं तर हल्ली चपला झिजतात.

तर घेतली. हायड्रॉलिक डिस्क, 32 चे टायर, बजेट सव्वा लाखाचं होतं ते ओलांडून. (किती ते इथे लिहीत नाही, बायको वाचते.) तेल बदलायचं सामानही त्याच दिवशी आणलं आणि एका शनिवारी गॅलरीत बसून मुद्दाम एकदा बदललं. सिरिंज बाबांनी धरली होती. लिव्हर दाबून बघितला, परत दाबला आणि म्हणाले, "एका बोटानं लागतो की रे." त्यांच्याकडून हे म्हणजे प्रशस्तिपत्रकच.

तुम्ही घेणार असाल तर माझं मत एवढंच. फक्त कोरड्यात फिरणार असाल, जवळ चांगली रिम ब्रेक सायकल असेल, तर निव्वळ ब्रेकसाठी ती विकू नका, नवे गुटके टाका. पावसात घाट उतरणार असाल तर डिस्क घ्या. बजेट तोकडं असेल तर केबलची डिस्कही चालेल, हाताला थोडा जोर जास्त लागतो इतकंच. नवी डिस्क आल्यावर लगेच उतारावर जाऊ नका. सपाट रस्त्यावर वीस-एक वेळा वेग घेऊन कमी करा, म्हणजे पॅड आणि तबकडी एकमेकांना रुळतात. चेनला तेल देताना तबकडी झाका. आणि गाडीत टाकायला चाक काढलं असेल तर लिव्हर अजिबात दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. घरात लहान मूल असेल तर हे त्याला आधी सांगा, कारण दाबायचा मोह त्यालाच होतो.

बाकी पुढच्या रविवारी पाऊस असेल तर सिंहगड. कोणी येतंय का?