धर आणि धरा

सांगलीत वाढलेल्या मुलीला कबड्डी वेगळी शिकवावी लागत नाही. पण नवऱ्याच्या बदलीमुळे मी तंजावूरला आले, तेव्हा गल्लीतल्या त्या शिदोरीचा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. माझ्याजवळ क्रीडामानसशास्त्राची पदवी होती आणि एक भलीमोठी वही होती. तमिळ मात्र एक अक्षरही येत नव्हतं. इथल्या एका कबड्डी संघाने मला बोलावलं. आपल्याकडचं हुतूतू तेच यांचं सडुगुडु, हे कळल्यावर मुलं जरा मोकळी झाली.

पहिलं सत्र मी एका हॉलमध्ये घेतलं. पडदे ओढले, मुलांना चटईवर आडवं केलं. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, यशस्वी पकड डोळ्यांसमोर आणा. दहा मिनिटांत अर्धा संघ घोरत होता. पहाटे पाचपासून मातीत लोळलेली पोरं ती, दुसरं काय करणार? त्यांचे प्रशिक्षक दारात उभे होते. इथे प्रशिक्षकाला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, “मॅडम, झोप छान लागली. आता मन मैदानावर आणा.”

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. एकेका खेळाडूची भीती, झोप, आत्मविश्वास यांवर काम करावं लागतंच. पण संघाचा खेळ जिथे बिघडतो ती जागा कुणा एकाच्या डोक्यात सापडत नाही. ती दोन खेळाडूंच्या मधल्या हातभर अंतरात असते. माझ्या हे लक्षात आलं ते मोठ्या देवळाच्या रथामुळे.

बृहदीश्वराची रथयात्रा शंभरएक वर्षं बंद होती, ती २०१५ साली पुन्हा सुरू झाली. चैत्राच्या सुमाराला, ऊन डोक्यावर यायच्या आत, रथ राजवाड्याभोवतीच्या चार रस्त्यांवरून फिरतो. जाडजूड दोर आणि ओढायला शेकडो माणसं. मीही एकदा दोराला हात लावला. हात लावला असंच म्हणते, कारण मी ओढला नाही. माझ्या पुढचे गृहस्थ मोबाइलवर फोटो काढत होते आणि मागच्या बाई हात जोडून डोळे मिटून उभ्या होत्या. रथ पुढे चालला होता आणि आम्हा तिघांनाही आपणच तो ओढल्याचं समाधान होतं.

माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने हेच मोजून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याने माणसांना दोर ओढायला लावले आणि ती आकडेवारी १९१३ साली छापली. एकटा माणूस ओढतो ते बळ १०० धरलं, तर दोघांत दरडोई ९३ उरतं, चौघांत ७७ आणि आठ जणांत ४९. सात जणांचा आकडा मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवला: ५६. कबड्डीत मैदानावर सातच असतात.

हे बळ जातं कुठे? थोडं ताळमेळ न जमल्याने वाया जातं, एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो. उरलेल्याचा हिशेब पुढे अमेरिकेत लागला. १९७४ च्या एका प्रयोगात माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे आणखी लोक ओढताहेत असं त्यांना भासवलं. मागचे कुणीच ओढत नव्हते, तरी पुढच्याचा जोर कमी झाला. १९७९ साली लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवून आणि ओरडून घेऊन तेच दाखवलं आणि या प्रकाराला नाव दिलं, त्याला आपण ‘सामाजिक आळस’ म्हणू. मला हे नाव आवडत नाही. माझ्या मुलांमध्ये आळशी कुणीच नव्हतं. आणि आपापला वाटा वेगळा ओळखता येतोय असं कळलं की त्याच माणसांचा जोर परत येतो, हेही त्याच संशोधकांनी दाखवलं आहे. प्रशिक्षकाच्या कामाचं आहे ते हे.

रथाकडे परत येते. दोरावर शेकडो हात असले तरी चाकांपाशी मोजकीच माणसं असतात. त्यांच्या हातात लाकडाचे पाचरीसारखे ठोकळे असतात, त्यांना इथे ‘मुट्टुकट्टै’ म्हणतात. रथ वळवायचा की थांबवायचा, हे त्या ठोकळ्यांवर ठरतं. त्यातला कुणी कंटाळलेला मला दिसला नाही. कुणाचा ठोकळा कुठल्या चाकाखाली, हे सगळ्या गर्दीला दिसत असतं.

मग आम्ही फसलेल्या पकडींचे व्हिडिओ घेऊन बसलो. तीस सेकंदांची चढाई. बहुतेक पकडी सुटत होत्या त्या ताकद कमी पडली म्हणून नाही. डाव्या कोपऱ्यातला पोरगा घोट्याला हात घालायचा आणि शेजारचा मध्यरक्षक अर्धा क्षण थांबून मग झेपावायचा. तेवढ्यात चढाईपटू मध्यरेषेला हात लावून मोकळा. साखळी करून उभ्या असलेल्या दोघांत प्रत्येकाला वाटायचं, दुसरा जाईल.

“कोपऱ्यातल्याला पाय आधी दिसतो, मग तो ओरडत का नाही?” मी विचारलं. सगळे गप्प. शेवटी एकजण चपलेने माती उकरत म्हणाला, “अण्णा आहेत ना.”

कोपऱ्यातला सतरा वर्षांचा होता, मध्यरक्षक पंचविशीतला, नोकरी सांभाळून खेळणारा. गावच्या संघातून दोघे एकत्र आलेले. तमिळमध्ये बरोबरीच्याला ‘पिडि’ म्हणतात, धर. अण्णाला म्हणायचं ‘पिडिंग’, धरा. एक अक्षर जास्त. आता अर्ध्या सेकंदाच्या खेळात हे अक्षर बसवायचं कुठे? ‘पिडि’ म्हणावं तर उद्धटपणा, ‘पिडिंग’ म्हणेपर्यंत चढाईपटू घरी. पोरगा शहाणा होता, तो काहीच बोलत नव्हता.

मी ही गंमत आमच्या शेजारच्या रावआजोबांना सांगितली. आजोबा तंजावूरचे मराठी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात इथे राज्य घेतलं, त्यानंतर कधीतरी त्यांचे पूर्वज आले. देवळातला १८०३ सालचा भोसले वंशाचा मराठी शिलालेख मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवला होता. बोटाने अक्षरं वाचत, मध्येच एखाद्या शब्दावर अडत आणि आपल्याच अडण्यावर हसत. ते म्हणाले, “मग तुमच्या सांगलीत सून सासूला काय सांगते? ‘पळा, साप’ की ‘पळ, साप’?” मी म्हटलं, “आजोबा, नुसतंच ‘साप!’”

घरी येऊन तेच वहीत लिहिलं. नामाला आदरार्थी रूप नसतं.

दुसऱ्या दिवशी मास्टरांशी बोलले. हाकांमधून क्रियापदं काढून टाकायची, हुकूम करायचा नाही, जागेचं किंवा वस्तूचं नाव घ्यायचं. मुलांनीच शब्द निवडले. घोट्याची पकड होणार असेल तर ‘कालु’, म्हणजे पाय. मध्यरक्षकाने आडवं जाऊन वाट अडवायची तर ‘मुट्टु’, रथाच्या चाकाखालचा तो ठोकळा. हा शब्द कुणी सुचवला ते आठवत नाही, पण सगळे एकदम हसले होते, म्हणून तो टिकला. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने विचार न करता जायचं. पकड फसली तर हाक देणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम मास्टरांच्या गळी उतरवायला मला तीन आठवडे लागले.

मास्टरांबद्दल लिहायलाच हवं. माणूस प्रेमळ, स्वतःच्या खिशातून पोरांना केळी आणि अंडी देणारा. पण सरावात तोंडाचा पट्टा चालूच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं बोलणं मैदानाच्या कडेला बसून नोंदवलं होतं. आपण काय बोलतो याचा प्रशिक्षकांचा स्वतःचा अंदाज फारच चुकीचा निघाला, मुलांचा त्यांच्यापेक्षा बरा होता. मीही वहीत तीन रकाने पाडले: ओरडा, सूचना, शाबासकी. सराव संपल्यावर पान मास्टरांपुढे धरलं. ओरड्याचा रकाना संपून रेघा मागच्या पानावर गेल्या होत्या. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हे माझ्या बायकोला दाखवू नका.”

आणखी एक गोष्ट त्या पानावर दिसली. मास्टर सारखे ‘पोगादे’ ओरडत, म्हणजे जाऊ नकोस. तमिळमध्ये नकार शब्दाच्या शेपटाला असतो. गोंगाटात आधी कानावर पडतं ते ‘पो’, म्हणजे जा! आपल्या ‘जाऊ नकोस’चीही तीच तऱ्हा. त्याऐवजी ‘इरु’, थांब, एवढंच ठरवलं. मानसशास्त्राच्या जाड पुस्तकांपेक्षा या एका बदलाने जास्त काम केलं, असं म्हणायला माझी हरकत नाही.

इथल्या दुकानांत तंजावूरची ती डुलणारी बाहुली मिळते, कितीही ढकला, पुन्हा उभी राहते. मनोबलावरच्या व्याख्यानांत वक्ते ती हमखास टेबलावर ठेवतात. मला ते पाहून राग येतो. बाहुली जिद्दीने उठत नाही. तिचा तळ गोल आणि जड केलेला असतो, म्हणून उठते. तळ घडवायचं काम घडवणाऱ्याचं, आणि आपण पडलेल्या पोराला सांगतो, जिद्द ठेव.

मुलांना भाषणांपेक्षा धर्मराज चेरलातन यांचे सामने दाखवलेले जास्त पटतात. ते याच जिल्ह्यातले, उजव्या कोपऱ्याचे खेळाडू. प्रो कबड्डीत सगळे त्यांना ‘अण्णा’च म्हणत. २०१६ साली चाळिशी ओलांडलेली असताना त्यांच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्सने विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ते होते. त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण १८-१३ ने पुढे होता, शेवट ३८-२९ असा भारताच्या बाजूने झाला. मी ते चित्रण आवाज बंद करून दाखवते आणि विचारते, कोण कुणाकडे बघतोय? कोण हाताने खूण करतोय? मुलं अंतिम गुणफलक विसरून बोटं दाखवू लागतात. “मॅडम, बघा, तो याला मागे ओढतोय.”

पोंगल झाल्यावर, भाताची कापणी आटोपली की कावेरीकाठच्या गावांत रात्रीच्या स्पर्धा लागतात. दिव्यांच्या झोतात धूळ आणि किडे, कर्णा फाटेस्तोवर चालणारं समालोचन. अशाच एका सामन्यात आमच्या संघाचे तीनच खेळाडू मैदानावर उरले होते. तिघे किंवा त्याहून कमी असताना पकड केली की एक गुण जास्त मिळतो, ती अव्वल पकड. समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, ही तिसरी, म्हणजे त्यांना गुण आणणं भागच. सतरा वर्षांच्या पोराने “मुट्टु!” असा घसा फाडून आवाज दिला. जरा लवकर. अण्णा झेपावले, चढाईपटूने हुलकावणी दिली, अण्णांच्या पाठीला हात लावला आणि परत गेला.

मैदानावर आता दोघे. अण्णा धूळ झटकत बाहेर गेले. बाद झालेले सगळे बाकावरून पोराकडे बघत होते. मास्टर उठले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, वहीकडे पाहिलं. ते पुन्हा खाली बसले.

आमची चढाई रिकामी गेली. त्यांचा गडी पुन्हा आत आला, सावकाश, डाव्या कोपऱ्याकडे तिरका. पोरगा मागे सरला, आणखी मागे. त्याच्या शेजारी आता अण्णांच्या जागी दुसरा, तोही वयाने मोठाच. चढाईपटूने बोनस रेषेच्या अलीकडे पाय लांबवला, आणि बाकावरून अण्णांचा नव्हे, मास्टरांचा नव्हे, कोपऱ्यातूनच आवाज आला.

“मुट्टु!”