आत्याच्या घरचे मणगणे

आमच्या बेळगावात पाहुणा आला की कुंद्याचा पुडा उघडतो. साखरपुडा असो की बारसे, पानात बासुंदी नाहीतर श्रीखंड ठरलेलेच. या पाहुणचारात कुणाची पंचाईत होत असेल, हे बाबांचे दूध सुटेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. घरच्या म्हशीच्या दुधावर वाढलेला हा माणूस सत्तरीनंतर कपभर चहा घेतला तरी पोट धरून बसू लागला. डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर पचवणारा पाचकरस वयाबरोबर कमी होतो, घाबरण्यासारखे काही नाही, दूध बंद करा. तूप चालते, ताकसुद्धा बाबांना सोसत नाही.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका कार्यात यजमानांनी अगदी मायेने त्यांच्यापुढे वेगळे ताट ठेवले. वरण, भात आणि एक केळे. शेजारच्या गृहस्थांनी मोठ्याने विचारले, "काय, शुगर का?" घरी येऊन बाबा एवढेच म्हणाले, "मी आता कुठे जेवायला येणार नाही." यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. चाळीस माणसे बोलवायची मी ठरवली होती, आणि ज्यांच्यासाठी बोलवायची तेच पानावर बसायला तयार नाहीत!

मी सोयाबीनच्या दुधाची खीर करून पाहिली. तिला कच्च्या शेंगांचा वास आला. "औषध आहे का हे?" बाबांनी विचारले. बदामाचे दूध चवीला छान, पण चाळीस माणसांसाठी बदाम भिजवायचे तर माझा पगारही त्यांच्याबरोबर भिजला असता. शेवटी आत्याचा फोन आला. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी, लग्न होऊन म्हार्दोळजवळ गेलेली. "श्रावणात बाळाला घेऊन ये. आमच्या सणाच्या जेवणाला दूध लागते कुठे?"

जांबोटी, कणकुंबी करत आम्ही चोर्ल्याला लागलो तेव्हा पाऊस असा होता की वळण आधी दिसेना, मग दरी दिसेना. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. दर वेळी गाडी थांबवून हात जोडणारे बाबा या वेळी उतरले नाहीत. घाट उतरून केरी, साखळी मागे टाकली आणि माशेलच्या पुढे दोन्ही बाजूंना कुळागरे सुरू झाली. खाली सुपारी, मिरवेल, वर नारळाची झावळी. आमच्याकडे नारळ दुकानातून येतो. इथे तो परसात पडतो, आणि जेवण त्याच्याभोवती बेतलेले असते.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. घरात पंचवीसेक पाने होणार होती. आत्या पहाटेच आदोळीवर बसून नारळ खोवत होती. सुनेने खोबरे कोमट पाणी घालून मिक्सरला लावले आणि पंचातून पिळले. पहिला रस दाट, सायीसारखा, तो बाजूला झाकून ठेवला. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा पातळ रस काढला. सगळी मेख या दोन पातेल्यांत आहे. चण्याची डाळ आधी मऊ शिजली पाहिजे, कारण गूळ पडला की ती पुढे शिजत नाही. मग भिजवलेला साबूदाणा, पातळ रस, गूळ, काजू. तांदळाची थोडी पिठी कालवून लावायची म्हणजे मणगणे मिळून येते. दाट रस अगदी शेवटी, वेलची आणि चिमूटभर मिठाबरोबर. आत्याने डाव माझ्या हातात दिला आणि बजावले, "दाट रोस घातलास की मागीर उकळी नको गो. फुटतलो!"

पानावर खतखते होते, तेफळाच्या वासाचे. मुगागाठी, सोलकढी, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या. कांदा-लसूण कशातच नाही, दूध-दही कशातच नाही. वाढणारी मुलगी बाबांपाशी थांबली नाही, काही विचारले नाही, सगळ्यांना वाढले तेच त्यांना वाढून पुढे गेली. बाबांनी सवयीने हात आडवा धरला होता, तो हळूच खाली घेतला. मणगण्याची वाटी संपली तेव्हा म्हणाले, "ताई, अजून एक डाव." आत्याने वाढले आणि पदराने चष्मा पुसत आत गेली.

परतताना कणकुंबीला बाबांनीच गाडी थांबवायला सांगितली.

घरी पहिल्या प्रयत्नात मी फोनवर बोलत राहिले, मणगण्याला उकळी आली आणि वर तेल तरंगू लागले. बाबांनी ते निमूटपणे खाल्ले. वाढदिवसाला मात्र जमले. चाळीस वाट्यांना एक किलो चणाडाळ, सव्वा किलो गूळ, पाव किलो साबूदाणा आणि आठ मोठे नारळ. पातळ रसात मटार-गाजर घालून भात केला. पाहुण्यांच्या घाईत हा सगळ्यात सोपा, एकाच पातेल्यातला. सोलकढी तासभर आधीच केली, कारण रस उन्हाळ्या-दमट हवेत चार-सहा तासांत आंबतो. फ्रिजमध्ये ठेवला तर वर थर गोठतो, तो मंद आचेवर ढवळला की विरघळतो. डब्यातले नारळाचे दूध मिळते, अडीनडीला मीही वापरते, पण त्याला ताज्या रसाचा गोडवा नाही. एक मात्र सांगते, नारळाच्या दुधात प्रथिने आणि कॅल्शियम गाईच्या दुधाइतके नसते, स्निग्धांश भरपूर असतो. तान्ह्या मुलाला दुधाऐवजी ते पाजू नये.

त्या दिवशी कुंद्याचा पुडा मी आणला होता. पाहुण्यांनी तो आवडीने संपवला. बाबा यजमानासारखे पंगतीतून फिरत होते, ज्याच्या त्याच्या वाटीत मणगणे वाढत होते. "दूध नाही यात," असे त्यांनी कुणालाच सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

रात्री आत्याचा फोन आला. "फुटलो काय गो?"

"नाही आत्या."

"चोथा टाकू नको. उद्या भाजून चटणी कर, बाळाला आवडते."

फोन ठेवला, तेव्हा बाबा स्वयंपाकघरात चोथ्याचे पातेले शोधत होते.