जुन्या गिअर-सायकलवरून देहूरोड आणि बेडसे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी २,२०० रुपयांना मी ही सायकल घेतली, त्याला आता सहा वर्षे झाली. डोंगरात चालवायला बनवलेली, जाड नळीची, जाड टायरची. पुढे ३ चक्रे, मागे ६, म्हणजे १८ गिअर. टायरवरचे गोटे मधोमध झिजून गुळगुळीत झालेत, पण डांबरी रस्त्याला ते उलट बरेच. ऑफिस, वस्तीतल्या मीटिंगा, रेशनच्या पिशव्या, सगळे हिच्यावरच. शेजारी हसतात, हसू देत.

गेल्या २५ डिसेंबरला सुट्टी होती. पहाटे पाचला खडकीहून निघालो. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आता ऐंशीच्या घरात आहेत आणि दोन वर्षे अंथरुणाला खिळलेले. १९५४ साली याच तारखेला परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा आजोबांनी दादांना सायकलच्या नळीवर बसवून तिथे नेले होते. आजोबा फॅक्टरीत कामगार. भाषण काय झाले ते दादांना आठवत नाही, नऊ वर्षांचे पोर ते! आठवते ती मांडीला रुतणारी नळी. आणि परतताना आजोबांनी दिलेला शब्द : "पुढच्या वर्षी तुला पुढची लेणी दाखवतो." पुढच्या वर्षी थोरल्या आत्याच्या दुखण्यात सायकल विकली गेली. लेणी राहिली ती राहिलीच.

दापोडीचा पूल, पिंपरी, निगडी, जुना मुंबई रस्ता. थंडीत बोटे ब्रेकवर आखडली होती. देहूरोडच्या विहारात पांढऱ्या साड्यांची रांग लागलेली. त्रिशरण-पंचशील झाले, मूर्तीपुढे दादांच्या नावाने मेणबत्ती लावली. तिथल्या उपासिकांनी गरम उपमा खाऊ घातला, तो खाऊन पुढे निघालो. सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत. कामशेतला डावीकडे पवनानगरचा रस्ता धरला.

इथे चढावर मागच्या गिअरची वायर तुटली. ज्यांनी अशी सायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो : वायर तुटली की मागचा गिअर आपोआप सगळ्यात लहान चक्रावर येऊन बसतो आणि पायडल दगडासारखे जड होते. पुढचे लहान चक्र लावून पाहिले, तरी गुडघे बोलू लागले. उतरलो, ढकलत निघालो. अकरा वाजून गेले होते. परतायचे ठरवले असते तर कोणी नाव ठेवले नसते. पण घरी जाऊन दादांना काय सांगणार होतो? की पुन्हा पुढच्या वर्षी?

रस्त्याकडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरवाला मुलगा बसला होता. "काका, गिअरचं काम मला येत नाही," असे आधीच म्हणाला. तरी त्याने वायरचा उरलेला तुकडा ओढून पाहिला. मागचा गिअर मधल्या चक्रावर आणला आणि वायर ताणून बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूखाली पक्की आवळली. झाले! १८ गिअरचे ३ राहिले, पण चालण्यासारखे. पैसे घेईना, बळेच वीस रुपये दिले. मोठ्या दुकानात याच कामाला नवा सेट बसवायला लावतात.

बेडशाला सायकल पायथ्याच्या घरी ठेवली आणि सुमारे ४०० पायऱ्या चढलो. कार्ल्याची गर्दी इथे नाही. समोर खडकाचा मोठा भाग तसाच ठेवून मधून अरुंद वाट कोरली आहे. त्या वाटेने आत शिरलो की एकदम उंच खांब, त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. आत चैत्यगृहात अष्टकोनी खांबांच्या दोन ओळी आणि शेवटी साधा, गोल स्तूप. कार्ल्याला छताच्या लाकडी कमानी अजून आहेत, इथल्या गेल्या. दोन हजार वर्षांचा दगड मात्र हाताला कालच घासल्यासारखा लागतो. शेजारचे विहार मागच्या बाजूने गोलाकार, छत कमानीचे, भोवती भिक्खूंच्या खोल्या. एका कॉलेजच्या पोराला भिंतीवर नाव खरडताना पाहिले. रागावलो नाही. ही जागा कोणाची आणि कशाची, ते दहा मिनिटे सांगितले. त्याने खिळा खिशात घातला. बाहेर जाऊन टाकला की नाही, ठाऊक नाही.

स्तूपासमोर थोडा वेळ बसलो. मोबाईलवर फोटो काढायचे सुचले ते निघताना.

घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले. दादांना उशीला टेकवून बसवले, एकेक फोटो दाखवला. स्तूपाच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले. मग विचारले,

"सायकल नीट आहे ना रे?"

"वायर तुटली होती, दादा."

"उद्या बसवून घे," ते म्हणाले, आणि फोटो पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितले.