बेदरचा किल्ला आणि दामाजींचे कोठार

वाचक माउलीहो, दामाजीपंतांचे आख्यान आपण किती वेळा ऐकले असेल! मंगळवेढ्याचे कोठार, बेदरचा बादशहा आणि भर दरबारात थैली रिती करणारा विठू महार. मी ते पन्नास वर्षे लावले. आता गळा साथ देत नाही, कीर्तन थांबले. यंदा मुलगा आणि सूनबाई नातवंडांसह मला बेदरला घेऊन गेले. अंबाजोगाईहून लातूर, उदगीर करत आम्ही पोहोचलो.

खंदक पाहूनच पाय थबकले. एक नव्हे, तिहेरी खंदक, आणि तोही खडकातच कापून काढलेला. अहमदशहा बहामनीने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याची राजधानी इथे आणली. आज तख्तमहालाची पडझड झालेली आहे, भिंतींवरच्या रंगीत फरशांचे तुकडे तेवढे उरले आहेत. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्यांची चकाकती नक्षी जडवलेली आहे. धाकट्या नातीने सगळे पाहून घेतले आणि विचारले, "आबा, धान्याचं कोठार कुठंय?" म्हटले, "बाळा, ते इथे नाही, मंगळवेढ्याला."

आपण कीर्तनात 'बादशहा कोपला' असे एका दमात म्हणून जातो. त्या तटाखाली उभे राहिले की या दोन शब्दांचे वजन कळते. परंपरा हा दुष्काळ शके १३८२, म्हणजे इ. स. १४६० चा मानते. त्या साली गादीवर हुमायूनशहा होता. इतिहासात त्याला 'जालीम' हेच नाव पडले आहे. असल्या धन्याचे धान्य दामाजींनी भुकेल्यांना लुटू दिले.

म्हणून माझे मत असे, की आख्यानाचा जीव थैलीत नाही. होन ओतले ते देवाने. त्याला त्यात कसले कष्ट? कोठाराचे कुलूप काढणारा हात मात्र माणसाचा होता, आणि विठू येणार आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तो सौदा झाला असता. हल्लीची तरुण मंडळी थैलीपाशी टाळ-मृदंग टिपेला नेतात आणि कोठार दोन वाक्यांत उरकतात. मला ते रुचत नाही.

आपल्या बीडकडच्या माणसाला हे समजावावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी नवशिका होतो. दिवसभर खडी फोडून, सुकडी खाऊन बायामाणसे रात्री कीर्तनाला येत. हातांना फोड आलेले असत, टाळी धड वाजत नसे. कोठार उघडले इथपर्यंत मी आलो की मागच्या अंधारातून हुंदके ऐकू येत. पुढे दरबारात होनांचा ढीग पडला, बादशहा चकित झाला, तरी बाया अजून कोठाराच्या दारातच उभ्या असायच्या.