नंबर लागला का?

आमच्या घरच्या कालनिर्णयवर दोन हिशोब चालतात. चौकटींत दुधाचा: आज एक लिटर, उद्या दीड, परवा खाडा. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली एक तारीख, जिचा त्या महिन्याशी काडीचा संबंध नसतो. २०१९च्या पानावर २००४मधली तारीख. दूधवाल्यानं एकदा विचारलं, "हे काय, जुनी बाकी का?" म्हटलं, तसंच समजा.

माझी थोरली बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिकडची नागरिक झाली आणि २००६च्या फेब्रुवारीत तिनं माझ्यासाठी अर्ज भरला. नुसतं ग्रीन कार्ड असून भावासाठी अर्ज करता येत नाही, नागरिकच व्हावं लागतं. तेव्हा मी एकोणचाळिशीत होतो, मिरजेत छापखाना चालवत होतो. लेक सात वर्षांची, मुलगा चार पुरे व्हायचा होता. ताई फोनवर म्हणाली, "आठ-दहा वर्षं लागतील रे." आम्हाला आठ-दहा वर्षंच फार वाटली होती.

अर्जासाठी आम्ही सख्खे बहीण-भाऊ आहोत हे सिद्ध करायचं होतं. दोघांच्या जन्मदाखल्यांवर आई एकच दिसली की काम झालं. तिथंच घोडं अडलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईची नोंद आजोळच्या गावात. आजोबांनी सवयीनं लेकीचं माहेरचं नाव सांगितलं. माझा जन्म मिरजेत, तिथं सासरचं नाव. कागदावर आम्ही दोन वेगळ्या बायकांची मुलं.

आईला घेऊन वकिलाकडं गेलो. प्रतिज्ञापत्र करायचं होतं, की वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. टायपिस्टनं सगळं वाचून दाखवलं. आईनं मान डोलावली, पेन हातात घेतलं आणि थांबली. "सही कुठल्या नावानं करू?" वकील हसले. आई हसली नाही. माहेरच्या नावानं सही करून तिला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. शेवटी सासरच्याच नावानं केली.

तेव्हापासून ती दर महिन्याला विचारायची, "नंबर लागला का?" गॅसच्या सिलिंडरला नंबर लावायचा, तसाच हाही. कुणीतरी यादी वाचतंय आणि एक दिवस आपलं नाव पुकारणार, असं तिच्या डोक्यात होतं. खरं तर तिची समजूत फारशी चुकीची नव्हती. अमेरिकेच्या कायद्यात भावंडांसाठी वर्षाला साधारण पासष्ट हजार जागा, आणि त्यांतच त्यांची नवरा-बायको-मुलंही मोजायची. शिवाय एका देशाला एकूण जागांतल्या सात टक्क्यांच्या वर मिळत नाहीत. त्यामुळं भारताची रांग वेगळी आणि लांब. मेक्सिकोची आमच्याहून लांब. तिकडचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं आणि त्यात प्रत्येक रांगेपुढं एक तारीख असते. त्या तारखेच्या आधी ज्यांचा अर्ज दाखल झाला, त्यांचा नंबर लागला. आमच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात असते ती हीच तारीख. कधी महिन्यात तीन आठवडे सरकते, कधी एक, कधी जागची हलत नाही आणि कधी चक्क मागं जाते.

अर्ज मंजूर व्हायलाच २०१०चा जून उजाडला. चार वर्षं चार महिने. त्या दिरंगाईला आम्ही मनसोक्त शिव्या घातल्या. तिच्याच जिवावर पुढं एकाचं काम होणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

या काळात मी एक मोठी चूक केली. सगळं पुढं ढकललं. माझ्याकडं एक जुनं ट्रेडल आणि एक सिंगल कलर ऑफसेट होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. दुसरं मशीन घ्यायची वेळ झाली होती, पण जायचंच आहे तर कर्ज कशाला? घराला रंग? जाताना देऊ, भाडेकरूला बरं दिसेल. समोरच्या गाळ्यात एका पोरानं डिजिटल प्रिंटर आणला आणि शंभर पत्रिकांची कामं तासाभरात द्यायला लागला, तरी मी तारखेकडं डोळे लावून बसलेलो. याच काळात एक एजंट भेटला. फाइल वरून सरकवतो म्हणाला, आगाऊ रक्कम घेतली आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला. अर्जाची तारीख हाच नंबर, तो एजंट काय, वकीलही पुढं सरकवू शकत नाही, एवढी साधी गोष्ट शिकायला मला ते पैसे मोजावे लागले.

२०१३च्या दिवाळीत माळ्यावरून डबे काढताना भिंतीचा पोपडा हिच्या डोक्यावर पडला. ती शिडीवरूनच म्हणाली, "सात वर्षं आपण स्टँडवर बसल्यासारखे बसलोय. एसटी आली तर चढू. तोवर घर झाडायला काय हरकत आहे?"

पाडव्यानंतर रंगारी आले. पुढच्या उन्हाळ्यात कर्ज काढून सेकंडहँड टू कलर ऑफसेट घेतलं. घरात नियम झाला: तक्ता महिन्यातून एकदाच बघायचा, कालनिर्णयवर लिहायचा आणि मग तो विषय पुढच्या महिन्यापर्यंत बंद. मुलांसमोर "तिकडं गेल्यावर" हे शब्द काढायचे नाहीत. करण्यासारखं होतं तेवढं मात्र नेमानं केलं. पासपोर्टची मुदत संपू दिली नाही. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं असं लेकीच्या नावाचं स्पेलिंग होतं, ते सरळ करून घेतलं. ताईनं घर बदललं तेव्हा पत्ता कळवला. एवढ्यानं रांग इंचभर हलत नाही, पण आपण निव्वळ हात बांधून बसलेलो नाही एवढं तरी वाटतं.

२०१६ साली भाच्याचं लग्न ठरलं. मामाशिवाय मुंज-लग्न कसलं? आम्ही दोघांनी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला. त्या फॉर्मात एक प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे का? खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं दोन-चार गोष्टी विचारल्या, नकाराचा कागद हातात दिला. तुम्ही परत याल याची खात्री पटत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या अर्जानं बहिणीकडं कायमचं जायचं, त्याच अर्जापायी आठवडाभरही जाता येईना. भाच्याच्या पत्रिका मीच छापल्या होत्या. त्या गेल्या, मी राहिलो.

आई २०१८ला गेली. ताई तिसऱ्या दिवशी पोचली. घराच्या पायरीशी आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसलो. मग तीच म्हणाली, "मी अर्ज केला नसता तर निदान लग्नाला तरी आला असतास." मी म्हटलं, "चल, पिठलं-भात झालाय."

२०२०च्या एप्रिलमध्ये महासाथीमुळं असे व्हिसा थांबवण्याचा हुकूम निघाला, तो २०२१च्या फेब्रुवारीत मागं घेतला गेला. त्यानंतर रांग धावेल असं वाटलं होतं. उलट ती थिजली. २०२२च्या कालनिर्णयच्या बाराही पानांवर एकच तारीख आहे: १५ सप्टेंबर २००५. आमच्या नंबरापासून पाच महिने अलीकडं. मे-जूनपासून मी लिहिणं सोडून नुसत्या दोन ठिपक्या काढल्या आहेत, 'वरीलप्रमाणे'.

आणि २०२४च्या ऑक्टोबरच्या तक्त्यात तारीख आमच्या पुढं गेली. ताईचा रात्री साडेअकराला फोन. आधी रडली, मग भांडल्यासारखी बोलली, मग पुन्हा रडली. इकडं मला काही सुचेना. आईच्या फोटोकडं बघून सांगावं, लागला नंबर, असं मनात आलं, आणि लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरली लेक लाइटबिलाच्या पाठीवर गणित मांडून बसली. आईवडिलांबरोबर जायला मूल अविवाहित आणि एकवीसच्या आत लागतं. पण २००२च्या एका कायद्यानं थोडी सूट दिली आहे: नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून, अर्ज मंजूर व्हायला जेवढा काळ गेला तेवढा वजा करायचा. म्हणजे आमची ती शिव्या घातलेली चार वर्षं चार महिने. धाकट्याचं वय बावीस वर्षं सात महिने. वजा जाता अठरा वर्षं तीन महिने. बसला. थोरली सव्वीस वर्षं दोन महिने. वजा जाता एकवीस वर्षं दहा महिने.

तिनं पुन्हा वजाबाकी केली. हातचा बरोबर होता. पेन खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मी दहा महिन्यांनी म्हातारी निघाले."

२०२२चं कॅलेंडर मी का जपून ठेवलंय, हे ती विचारत नाही.

मग पंधरा दिवस घरात तोच विषय. अर्ज माझ्या नावचा, त्यामुळं मी गेलो तरच मुलगा जाऊ शकतो. त्याला शिकायला तिकडं जायचंय. थोरली सांगलीत नोकरी करते, तिला आता आमच्याबरोबर यायचं तर वेगळीच वाट शोधावी लागेल. मी सत्तावन्नचा. मशीनचं कर्ज फिटलंय, दोन पोरं हाताखाली आहेत, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची कामं घेतलेली. ही म्हणाली, "एसटी आलीय, आता निदान पाटी तरी वाचू." माणशी ३२५ डॉलर फी भरून फॉर्म भरायचं ठरलं. मुलाखत मुंबईत होईल आणि तिचीही आपली वेगळी रांग आहे. ठरवायला तेवढा वेळ मिळेल.

घरात संगणकावर सफाईनं हात चालतो तो थोरलीचाच, म्हणून फॉर्म भरायला तीच बसली. मी शेजारी फाइल घेऊन. आजीचं प्रतिज्ञापत्र, दाखले, सगळं क्रमानं लावलेलं. मुलांचं पान आलं. बरोबर येणारी असोत वा नसोत, सगळ्या मुलांची नावं लिहायची असतात. तिनं आधी स्वतःचं नाव टाकलं. जन्मतारीख, जन्मगाव मिरज. खाली प्रश्न होता: हे अपत्य तुमच्याबरोबर स्थलांतर करणार आहे का?

मी फाइलमधलं काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. तिनं 'नाही'वर क्लिक केलं, धाकट्याचं पान उघडलं आणि विचारलं, "बाबा, ह्याचा जन्म सिव्हिलमधला ना?"